नाव-गाव विसरण्याच्या आधी

आशाताईंच्या पिशवीत एक फॉर्म असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘सीबॅक’ म्हणतात. तिशीपुढच्या प्रत्येकाचा तो भरायचा. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, तोंडात न भरणारी जखम आहे का, दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का, स्वयंपाक कशावर करता. एका फॉर्ममागे दहा रुपये. त्यातच साठीपुढच्यांसाठी चार प्रश्न आहेत. उभं राहताना, चालताना तोल जातो का? हालचाल अडेल असं काही अपंगत्व आहे का? खाणं, आंघोळ, कपडे, संडास यांसाठी दुसऱ्याचा हात लागतो का? आणि चौथा: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?

गावातल्या म्हाताऱ्या माणसाला सरकारी आरोग्ययंत्रणेनं डिमेन्शियाबद्दल, म्हणजे स्मृतिभ्रंशाबद्दल, विचारलेला हा जवळपास एकमेव प्रश्न. तो विचारला जातो ओसरीवर, चारचौघांत.

हिंगोली जिल्ह्यात तो कसा विचारला जात असेल, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. सोयाबीनची रास घरात आलेली, दारात शेजारणी बसलेल्या, आशाताई गावचीच सून. ती विचारते, “आजी, घरच्यांची नावं इसरता का?” आजी म्हणते, “मी काय येडी झाले का गं माय?” सगळ्या हसतात. ‘नाही’पुढं खूण होते. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली सून मात्र हसत नाही. मामी, म्हणजे तिची सासू, जेवून उठल्यावर अर्ध्या तासानं पुन्हा ताट मागतात आणि शेजारी जाऊन ‘मला घरात जेवायला देत न्हाईत’ असं सांगतात, हे तिला ठाऊक आहे. पण फॉर्ममधला प्रश्न तिला विचारलेलाच नाही. चारचौघींत ती आपणहून बोलली, तर सासूची बदनामी केल्याचा ठपका वर.

या एका प्रश्नात दोन चुका आहेत, आणि माझ्या मते ग्रामीण भागात डिमेन्शियाचं निदान का होत नाही याचं निम्मं उत्तर त्या दोन चुकांत आहे.

पहिली चूक, कुणाला विचारलं ही. ज्याची स्मृती गेली, त्याला स्मृती गेल्याचं बऱ्याचदा कळतच नाही. विचारायचं ते सोबत राहणाऱ्याला, तेही बाजूला घेऊन. दुसरी चूक, काय विचारलं ही. जवळच्यांची नावं आणि घराचा पत्ता या फार उशिरा जाणाऱ्या गोष्टी आहेत. त्यातही पत्ता म्हणजे काय? सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर पन्नास वर्षं काढलेल्या बाईला पत्ता कधी लागलाच नाही. तांडा हाच पत्ता. तिचं आधी जातं ते निराळं. आठवडी बाजारात पाचशेची नोट दिल्यावर किती परत घ्यायचे हे सुचेनासं होतं. भाजीत मीठ दोनदा पडतं किंवा पडतच नाही. रोज सकाळी घ्यायची बीपीची गोळी एखाद्या दिवशी तीनदा घेतली जाते. वसमतकडच्या ज्या शेतकऱ्यानं चाळीस वर्षं काडी टोचून हळद शिजली की नाही ते सांगितलं, तो कढईपुढं नुसता उभा राहतो आणि पुढं काय करायचं ते मुलाला विचारतो. हा फरक घरात सगळ्यांना दिसतो. पण ‘वय झालं’ या दोन शब्दांत तो मिटून जातो. कुणी म्हातारचळ म्हणतं, कुणी ‘बाहेरचं’ बघायला सांगतं.

आता हिशेब करू. २०११च्या जनगणनेत हिंगोलीची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि राज्यात साठीपुढच्यांचं प्रमाण शंभरात दहाच्या आसपास होतं. देशभरातल्या साठीपुढच्या लोकांची घरी जाऊन तपासणी करणारा ‘लासी-डॅड’ हा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. हे आकडे जिल्ह्याला लावले तर जुन्या लोकसंख्येवरही आठ हजारांच्या वर माणसं निघतात. ढोबळ हिशेब आहे, हिंगोलीत कुणी घरोघर मोजलेलं नाही. पण निम्मी म्हटली तरी चार हजार. औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव, हिंगोली अशा पाच तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या रजिस्टरांत या आजाराच्या नावानं किती नोंदी सापडतील, याचा अंदाज वाचकानंच बांधावा. जगाची अवस्था फार वेगळी नाही. २०२१च्या जागतिक अल्झायमर अहवालानं म्हटलं होतं की डिमेन्शिया असलेल्या चौघांपैकी तिघांचं निदान झालेलंच नाही. गरीब देशांत काही ठिकाणी दहांतल्या नऊ जणांचं.

निदान म्हटलं की आपल्याला मेंदूचा स्कॅन आणि न्यूरॉलॉजिस्ट आठवतो. हिंगोलीच्या माणसाला त्यापुढं नांदेड आठवतं: सकाळची एसटी, विष्णुपुरीचा सरकारी दवाखाना, केसपेपरची रांग, संध्याकाळी परत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट आहे, पण भांबावलेल्या आजोबांना घेऊन जाणाऱ्या मुलाची मजुरी कुणी भरून देत नाही. त्यामुळे डिमेन्शिया हा नांदेड-संभाजीनगरचा आजार आणि गुडघेदुखी हा गावातला आजार, अशी वाटणी आपोआप झाली.

ही वाटणी वैद्यकशास्त्रानं केलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘एमएचगॅप’ ही मार्गदर्शिका तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टर-नर्सेससाठीच आहे आणि तिच्यात डिमेन्शियाचं प्रकरण आहे. अल्झायमरचा आजार प्रथम ओळखला गेला तोही प्रश्न विचारून. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर ऑगस्टे डेटर या पन्नाशीच्या बाईंसमोर बसले आणि त्यांनी नाव, नवरा, राहण्याची जागा असं विचारत उत्तरं लिहून घेतली. बाई फ्लॉवर आणि मांस खात होत्या. काय खाताय विचारल्यावर त्यांनी पालक असं उत्तर दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप पुढं, त्या वारल्यावर १९०६ मध्ये गेले. त्याआधी जे घडलं ते कुठल्याही आरोग्य केंद्रात घडू शकतं. त्याला लागतात वीस मिनिटं आणि एक खुर्ची.

ती वीस मिनिटंच नसतात. एक प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण तीस हजार लोकसंख्येसाठी असतं. सकाळची ओपीडी म्हणजे ताप, खोकला, विंचू, गरोदर बायका, लहान मुलांचे डोस. म्हातारा माणूस आला की बीपी बघायचं, गोळ्या लिहायच्या, पुढचा. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण याच गर्दीत वेळ कसा काढायचा हे ठरवता येतं, कारण वीसच्या वीस मिनिटं डॉक्टरांचीच हवीत असं नाही. उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, तीच पुढं आयुष्मान आरोग्य मंदिरं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे आपले सीएचओ, बीएएमएस किंवा नर्सिंगचे पदवीधर असतात. वृद्धांची काळजी आणि मानसिक आरोग्य या दोन्ही सेवा त्यांच्या कामाच्या यादीत आहेत. बीपी-शुगरचे महिन्याचे पेशंट त्यांच्यासमोरच येतात. तिथं तीन गोष्टी विचारल्या तरी बरंच कळतं.

हे दोन दिवसांत झालं की दोन वर्षांत? हा पहिला. कालपर्यंत ठीक असलेले आजोबा आज अचानक बडबड करायला लागले, तर ते डिमेन्शिया नव्हे. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातलं सोडियम उतरणं, नवी औषधं यांतलं काहीतरी असतं आणि ती तातडीची गोष्ट असते. दुसरा प्रश्न: आधी हा माणूस कोणतं काम करायचा, आणि आता त्यातलं काय जमत नाही? तिसरा, सोबत आलेल्याला: तुम्हाला कधीपासून वाटतंय? उत्तर देणारा घरातला आहे की नुसता मोटारसायकलवर घेऊन आलेला पुतण्या आहे, हेही बघावं लागतं.

आणि मग येतो तो भाग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विसरभोळेपणाची काही कारणं बरी होणारी असतात आणि ती शोधण्याची जागा प्राथमिक केंद्र हीच आहे. स्कॅनच्या यंत्राला माणसाचं जेवण कळत नाही. नरसी नामदेवांचं गाव याच जिल्ह्यातलं, गावोगाव माळकरी. वर्षानुवर्षं शाकाहार, वयानुसार पचन मंदावलेलं, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू. बी-१२ कमी पडायला याहून वेगळं काय लागतं? मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानं बी-१२ घटू शकतं, हे पक्कं माहीत आहे. पायांना मुंग्या येतात, जीभ लालसर होते, माणूस विसरायला लागतो. वेळेत इंजेक्शनं दिली तर यातलं बरंच सावरतं. थायरॉइडचं तसंच.

पडण्याचं मात्र कुणी विचारतच नाही. मोटारसायकलवरून, बैलगाडीवरून, न्हाणीत. डोक्याला खोक नाही म्हणून विसरून गेलेलं असतं आणि दीड-दोन महिन्यांनी माणूस सुस्त होतो, एक पाय ओढतो, बोलण्यात अडखळतो. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठलेलं असतं. इथं सीटी स्कॅन हवाच. शस्त्रक्रियेनं माणूस पुन्हा शेतात जाऊ शकतो. ‘मागच्या तीन महिन्यांत पडलात का’ या प्रश्नाला पैसे लागत नाहीत.

कानाचंही तसंच. ऐकू न येणारा माणूस चुकीची उत्तरं देतो, मग लोक त्याच्याशी बोलणं सोडतात, मग तो खरंच मागे पडतो. ‘लॅन्सेट’च्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे चौदा धोके मांडले. ते सगळे दूर झाले तर जगातल्या जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज. त्यात बहिरेपणा आहे, दृष्टिदोष आहे, बीपी, मधुमेह, तंबाखूचा धूर, एकटेपणा आणि लहानपणी न मिळालेली शाळाही आहे. मोतीबिंदूची शिबिरं आपण जोमात भरवतो. कानाच्या यंत्रासाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, २०२४ पासून राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. यंत्र मिळालेले आजोबा ते पेटीत ठेवून देतात, कारण कानात कसं घालायचं हे दुसऱ्यांदा कुणी दाखवत नाही. असो.

गोळ्यांची पिशवी उलटी करून बघणं हेही प्राथमिक डॉक्टरचंच काम. झोपेच्या गोळ्या, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, दोन-तीन डॉक्टरांनी आपापल्या परीनं लिहिलेली औषधं. यांतली काही म्हातारपणी डोकं बधिर करतात. एखादी बंद केली की माणूस आठ दिवसांत बोलायला लागतो. घरचे मग म्हणतात, डॉक्टरच्या हाताला गुण आहे.

उदासीचा प्रश्न हिंगोलीला नवा नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये राज्यानं मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताई घरोघर जाऊन मन लागतं का, झोप येते का असं विचारू लागल्या. त्या अनुभवातून एक गोष्ट कळते: मनाचे प्रश्न गावात विचारता येतात आणि लोक उत्तरं देतात. म्हाताऱ्या माणसात उदासी आणि डिमेन्शिया बाहेरून सारखेच दिसतात, कधी दोन्ही एकत्र असतात. ढोबळ फरक असा की उदास माणूस ‘मला काही आठवत नाही’ म्हणून स्वतःच तक्रार करतो. डिमेन्शियाचा माणूस ‘मला काही झालं नाही’ म्हणतो आणि घरचे तक्रार करतात.

चाचणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथं शिकलेल्यांची गोची होते. स्मृतीची जी चाचणी जगभर वापरली जाते ती १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, हे वाक्य वाचा, एक वाक्य लिहा. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई त्यात नापास होणार, मग तिचा मेंदू कितीही तल्लख असो. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये डॉ. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात तिचं हिंदी रूप निरक्षरांसाठी घडवलं. तारखेऐवजी सकाळ आहे की दुपार ते विचारलं. ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचून तसं करायला सांगण्याऐवजी, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, असं केलं. त्याच प्रकल्पातून दैनंदिन कामांची एक प्रश्नावली आली, ती घरच्यांना विचारायची: गावात वाट चुकते का, जेवल्याचं विसरून पुन्हा मागते का, होळी-दिवाळी लक्षात राहते का, निरोप दिला तर पोचवते का, गावातल्या लग्नकार्याबद्दल धड बोलते का.

हे प्रश्न वाचले की वाटतं, फॉर्ममध्ये नेमके हेच हवे होते. हिंगोलीसाठी आणखी एक सुचवावंसं वाटतं. जुलै २०२४ मध्ये जिल्ह्यात भूकंपाचा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, सकाळी सकाळी माणसं घराबाहेर धावली. वसमत तालुक्यातल्या काही गावांना जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांची सवयच आहे. असा धक्का नुकताच बसला असेल तर ‘परवा काय झालं होतं?’ हा प्रश्न पंतप्रधानांच्या नावापेक्षा चांगला.

आशाताईंना हे जमेल का, ही शंका शहाणी माणसं नेहमी काढतात. केरळात त्रिशूरच्या डॉ. के. एस. शाजी यांनी २००२ मध्ये त्याचं उत्तर प्रसिद्ध केलं. अंगणवाडीताईंना जेमतेम अडीच तासांचं प्रशिक्षण दिलं आणि आपल्या भागात अशी माणसं कोण ते सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणांत तज्ज्ञांना खरोखर डिमेन्शिया आढळला. घरोघर जाऊन प्रत्येक म्हाताऱ्याची चाचणी घ्यायची गरज पडली नाही. गावाला आपली माणसं माहीत असतात, ओळखीला थोडी दिशा द्यावी लागते. सरसकट तपासणीच्या मोहिमेपेक्षा मला हाच मार्ग पटतो. मोहिमेत टार्गेट येतं, टार्गेट आलं की ‘नाही’वर खुणा करणं सगळ्यात सोपं.

गोव्याचा अनुभव आपल्याला आणखी जवळचा. तिथं डॉ. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा २००१चा अभ्यास आहे. लोकांना डिमेन्शियाची लक्षणं माहीत होती, पण तो आजार आहे असं कुणी मानत नव्हतं, त्यामुळे डॉक्टरकडे कुणी नेत नव्हतं. मुलांनी हाल केले, माया केली नाही, म्हणून म्हातारपणी असं होतं, अशी समजूत होती. सेवाही बऱ्याचदा इस्टेट मिळण्याच्या अपेक्षेशी बांधलेली होती. पुढं ‘संगात’ या संस्थेच्या डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर सहा महिने काम केलं. आठवडाभराचं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्या पंधरा दिवसांनी घरी जायच्या, आजार समजावायच्या, चिडचिड आणि भटकणं कसं हाताळायचं ते सांगायच्या. २००८ मध्ये निष्कर्ष आले: सांभाळणाऱ्यांचं मन हलकं झालं, त्रास कमी वाटू लागला. सांभाळणारी म्हणजे बहुतेक वेळा कोण, ते वेगळं सांगायला नको. तिलाच सगळं गाव म्हणत असतं की सासूला जेवायला देत नाही. हे आजारामुळं होतं असं डॉक्टरनं चार माणसांत सांगितलं तर त्या एका वाक्यानं तिची जेवढी सुटका होते तेवढी कुठल्या गोळीनं होणार नाही. डोनेपेझिलसारख्या औषधांचा फायदा थोडा आणि काही काळापुरता आहे, तो खरा असला तरी.

इस्टेटीचं मात्र हिंगोलीतही तसंच आहे, आणि इथं निदानाची काळी बाजू दिसते. सातबारावर म्हाताऱ्याचं नाव, एक मुलगा पुण्यात, एक गावात. ‘आबांचं डोकं चालत नाही’ असा कागद ज्याच्या हाती, त्याच्या हाती भांडणाचं हत्यार. उलट निदान झालंच नाही तर भांबावलेले आबा दुय्यम निबंधकापुढं बक्षीसपत्रावर अंगठा उमटवून येतात आणि संध्याकाळी विसरतात. करार करणारा सुबुद्ध असावा, असं १८७२चा कायदा म्हणतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन, सांभाळ झाला नाही तर परत मिळवण्याची वाट २००७च्या पालक-ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. पण या दोन्ही कायद्यांना तारीख लागते: कधीपासून? ती तारीख आरोग्य केंद्राच्या केसपेपरवरच मिळू शकते. म्हणून डॉक्टरनं ‘वेडा’ असा शिक्का न मारता काय जमतं आणि काय जमत नाही एवढंच तारखेनिशी लिहून ठेवावं. सुरुवातीच्या काळात बरंच जमत असतं. जमिनीचं काय करायचं हे आबांनी स्वतः सांगावं, अशी ती वेळ असते.

पुढचा दुवा आता पूर्वीइतका दूर नाही. हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा महाविद्यालयांचं एकदम उद्घाटन झालं, त्यात हे एक. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे. सीएचओनं रुग्णासमोर बसून तो लावला तर आजोबांची एसटी वाचते. एवढं असून गाडी अडते ती एका साध्या ठिकाणी. फॉर्ममधल्या चौथ्या प्रश्नाला ‘हो’ आलं, पोर्टलवर नोंद झाली, पुढं काय? बीपीचा पेशंट सापडला तर गोळी आहे, क्षयाचा सापडला तर थुंकीची तपासणी, औषधं, खात्यात पैसे. या ‘हो’साठी ठरलेला वार नाही, ठरलेलं रजिस्टर नाही, दुसऱ्या भेटीचे पैसे आशाताईंना नाहीत. जिथं उत्तर ठेवायला जागा नाही तिथं प्रश्न नीट विचारला जात नाही, हे कुठल्याही कचेरीत दिसेल. जपाननं २००५ पासून गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांसाठी सल्लागार डॉक्टर तयार केले आणि सामान्य लोकांना प्रशिक्षण दिलं. आपल्याला एवढं मोठं काही नको. ग्रामीण रुग्णालयात महिन्याचा एक वार, एक पानाचा कागद आणि त्यावर सुनेच्या म्हणण्यासाठी चार ओळी, एवढ्यावर सुरुवात होते.

ती सुरुवात दिवाळीच्या आधी करायला एक निमित्तही आहे. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात. मुलगा-सून कोयता घेऊन कारखान्यावर, मागं म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. ‘कधीपासून झालं’ हे सांगू शकणारी माणसं मग होळी-पाडव्यापर्यंत गावात नसतात. आजीच्या गोळ्या चार-पाच महिने आठ-दहा वर्षांची पोर मोजून देते. आशाताईंना सुनेला बाजूला घेऊन विचारायचं असेल, तर ट्रॅक्टर दारात लागायच्या आधी.